कारण सांगितले जाणार नाही

पर्मिशन डिनाइड, प्लीज ट्राय अगेन. एकाच ओळीत हाकलणंही आणि बोलावणंही. दूरच्या सर्व्हरवर एसएसएचने शिरताना पासवर्ड चुकला की हे वाक्य येतं. नेमकं काय पुन्हा करून बघायचं, ते त्यात नसतं. आपला माणूस आज्ञाधारक. तो तोच पासवर्ड पुन्हा टाकतो, फक्त या वेळी बटणं जरा जोरात दाबून. तिसऱ्या नकारानंतर यंत्र बोलणं थांबवतं आणि जाता जाता कंसात काहीतरी पुटपुटतं: पब्लिक-की, पासवर्ड. लोक ते कारण समजून तासभर शोधत बसतात. ते कारण नसतंच. आम्ही ओळखीचे कोणकोणते पुरावे बघतो, त्याची ती यादी. तुमच्या पुराव्यात काय खोट निघाली, यावर चकार शब्द नाही.

तहसील कचेरीतला कारकूनसुद्धा ‘उताऱ्याची झेरॉक्स नाही, सोमवारी या’ एवढं सांगतो. सोमवारी तो रजेवर असतो, ही गोष्ट वेगळी.

यंत्राच्या मौनात आळस नाही, धोरण आहे. ‘या नावाचा माणूस इथे आहे, पासवर्ड मात्र चुकला’ असं खरं उत्तर दिलं की चोराला अर्धी माहिती फुकट मिळाली. म्हणून नाव चुको, पासवर्ड चुको, खातं बंद पडलेलं असो, उत्तर एकच. २०१६ साली तर असं उघडकीला आलं की नुसतं तोंड बंद ठेवूनही भागत नाही. ओपनएसएसएच अस्तित्वातच नसलेल्या माणसाचाही पासवर्ड तपासल्याचं नाटक करायचं, उत्तराला लागलेल्या वेळावरून कुणाला काही कळू नये म्हणून. पण नाटकातली तपासणी ब्लोफिश पद्धतीची आणि खऱ्या माणसांची शा-२५६ किंवा शा-५१२ पद्धतीची. कुणी मुद्दाम हजारो अक्षरांचा पासवर्ड पाठवला की खऱ्या नावाला उत्तर उशिरा यायचं, खोट्या नावाला लवकर. घड्याळ लावून बसलेल्याच्या हातात आयती यादी. ते बुजवलं, तर २०१८ मध्ये नावं ओळखण्याची आणखी एक फट निघाली. थोडक्यात, गप्प बसायचं तेही वेळ मोजून.

या मौनाची झळ कुणाला बसते, ते बघा. चोराचं काम यंत्र करतं. ते रात्रभर रूट, ॲडमिन, टेस्ट, ओरॅकल अशी नावं भिरकावत राहतं. लागलं तर लागलं. नकाराचं कारण वाचायला ते थांबत नाही. थांबतो तो बिचारा मालक. त्याचंच खातं, त्याचाच सर्व्हर, भाडंही तोच भरतो, आणि तोच बाहेर उभा. बरं, खरं कारण सर्व्हरने लिहून ठेवलेलं असतं. तारीख, वेळ, आयपी पत्ता, सगळं तपशीलवार. फक्त ती नोंदवही आत असते, आणि वाचायला आत जावं लागतं.

पूर्वी असं नव्हतं, म्हणणारे म्हातारे आयटीतही आहेत. बरोबरच आहे, पूर्वी टेलनेट होतं. पासवर्ड तारेवरून उघडावाघडा जायचा आणि वाटेत कान लावून बसलेल्या कुणालाही ऐकू यायचा. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात नेमकं तेच झालं, नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड गोळा करत बसलं. मग तिथल्या तातू उलोनेन या संशोधकाने एसएसएच लिहिलं. एफटीपीचा पोर्ट २१ आणि टेलनेटचा २३. मधला २२ रिकामा होता, तो त्याने मागितला आणि मिळालाही. मागितलेलं लगेच मिळाल्याचं रिमोट लॉगिनच्या इतिहासातलं हे बहुधा शेवटचं उदाहरण.

आता लिनक्सकडे येऊ. इथे एक प्रयोग हमखास बघायला मिळतो. पासवर्डऐवजी वापरायच्या एसएसएच किल्लीने लॉगिन होत नाही. स्क्रीनवर पर्मिशन डिनाइड. हिंजवडीपासून मगरपट्ट्यापर्यंत कुठल्याही टीममध्ये एक तरी उत्साही माणूस असतो, जो म्हणतो, ‘पर्मिशनचाच प्रॉब्लेम आहे ना? मग दे ना सगळ्यांना पर्मिशन.’ आणि तो होम फोल्डरवर सीएचमॉड ७७७ चालवतो, आतल्या सगळ्या फायलींसकट. ७७७ म्हणजे कुणीही वाचा, कुणीही लिहा, कुणीही चालवा. याहून उदार सरकार या भूतलावर झालं नाही.

त्या क्षणापासून त्या खात्यात कुणाचीच किल्ली चालत नाही.

कारण एसएसएचचा सर्व्हर नको तितका शहाणा आहे. त्याच्यात स्ट्रिक्टमोड्स नावाची सेटिंग असते, ती मुळातूनच चालू. किल्ल्यांची यादी ज्या फाइलमध्ये असते, ती फाइल, तिचा फोल्डर आणि वरचं होम फोल्डर, या तिन्हींपैकी कशातही मालकाखेरीज दुसरं कुणी लिहू शकत असेल, तर तो ती यादी मानतच नाही. बरोबरच आहे त्याचं. जिथे कुणीही येऊन आपलं नाव घुसडू शकतं, त्या यादीला काय अर्थ? म्हणजे सगळ्यांना परवानगी दिली म्हणून परवानगी नाकारली. हे तो आतल्या नोंदवहीत शब्दश: लिहितो: मालकी किंवा मोड चुकीचे, अमुक डिरेक्टरी. बाहेरच्याला मात्र तेच जुनं वाक्य. ते वाचून उत्साही माणूस म्हणतो, ‘बहुतेक ७७७ नीट लागलं नाही,’ आणि पुन्हा लावतो.

उतारा साधा. किल्ल्यांच्या फोल्डरला ७००, यादीच्या फाइलला ६००, होम फोल्डरवर बाहेरच्यांचा लिहिण्याचा हक्क बंद. पण उतारा साधा असला की त्यावर विश्वास बसत नाही. चार ब्लॉग वाचून, दोन पॅकेजेस पुन्हा घालून, सर्व्हर रीस्टार्ट करून मगच माणूस ७०० वर येतो.

नोंदवही कुठे असते, यावरही एकमत नाही. उबुंटूत ऑथ डॉट लॉग, रेड हॅटच्या घराण्यात सिक्युअर नावाची फाइल, आणि डेबियनने २०२३ च्या १२ व्या आवृत्तीपासून आपणहून फाइल ठेवणंच सोडलं, आता जर्नलला विचारायचं. जुनी मार्गदर्शिका घेऊन बसलेला माणूस नसलेली फाइल उघडत राहतो आणि ‘लॉगमध्ये काहीच नाही’ असं वरिष्ठांना कळवतो. वरिष्ठ ते पुढे क्लायंटला कळवतात. क्लायंट म्हणतो, व्हेरी स्ट्रेंज.

रेड हॅटवर ७०० आणि ६०० जागच्या जागी असूनही किल्ली चालली नाही, तर कारण एसई-लिनक्स, म्हणजे परवानग्यांवरचा आणखी एक पहारा. फाइल दुसरीकडून आणून ठेवली की तिच्यावरचं लेबल जुन्या जागेचंच राहतं, आणि लेबल बघून सर्व्हरला ती वाचायला मनाई होते. रिस्टोअरकॉन ही एक आज्ञा लेबल पूर्ववत करते. इंटरनेटवरचा लोकप्रिय सल्ला मात्र वेगळा आहे: एसई-लिनक्सच बंद करा. तो हजारोंनी पाळलेला आहे, आणि बंद केलेलं पुन्हा चालू करायची आठवण कुणाला राहिली असेल, असं मानण्याइतका मी तरुण नाही.

विंडोजवर वेगळीच तऱ्हा. २०१८ पासून विंडोज १० मध्ये मायक्रोसॉफ्टने ओपनएसएसएचचा सर्व्हर देऊ केला. लिनक्सवाले आनंदले, त्यांना वाटलं, आता सगळं सारखं. त्यांनी नेहमीप्रमाणे युजरच्या फोल्डरात ऑथराइज्ड-कीज फाइल ठेवली, नेहमीप्रमाणे किल्ली डकवली. साध्या युजरचं लॉगिन झालं. ॲडमिनिस्ट्रेटरचं होईना.

विंडोजवर ॲडमिनिस्ट्रेटर गटातल्या माणसांची किल्ली त्यांच्या स्वत:च्या फोल्डरात बघितलीच जात नाही. त्यांच्यासाठी प्रोग्रामडेटाच्या आत एसएसएच फोल्डरात एक स्वतंत्र, सामाईक फाइल. तिच्यावर ॲडमिनिस्ट्रेटर्स आणि सिस्टिम या दोघांखेरीज कुणाचा हक्क असला तर तीही चालत नाही. हे सगळं सेटिंगच्या फाइलमध्ये अगदी तळाशी दोन ओळींत लिहिलेलं आहे. काल साधा युजर होता तोवर किल्ली चालत होती. आज बढती मिळाली, किल्ली गेली. सरकारी नोकरीत बढतीबरोबर गडचिरोलीची बदली येते, इथे प्रोग्रामडेटाची.

बरं, फाइल योग्य जागी ठेवली तरी ती कशाने लिहिली, हा प्रश्न उरतोच. नोटपॅडने लिहिली तर नावाला डॉट टीएक्सटीची शेपटी लागते, आणि विंडोज ती शेपटी मुळातच लपवून ठेवतं. डोळ्यांना फाइल बरोबर, सर्व्हरला फाइलच नाही. जुन्या पॉवरशेलच्या ५.१ आवृत्तीतून बाणाचं चिन्ह वापरून किल्ली आत ढकलली तर ती यूटीएफ-१६ मध्ये उतरते, म्हणजे प्रत्येक अक्षरामागे एक अदृश्य शून्य. माणूस फाइल उघडतो, किल्लीची अक्षरं एकेक करून जुळवतो, सगळी जुळतात. तरी पर्मिशन डिनाइड. पुट्टीजेनने बनवलेली सार्वजनिक किल्ली तिथलं सेव्हचं बटण दाबून साठवली तर ती अनेक ओळींत, डोक्यावर पट्टी बांधून येते. सर्व्हरला हवी एका सलग ओळीत. ती सलग ओळ त्याच खिडकीत वर दिसत असते. पण बटण असताना ओळ कोण निवडून कॉपी करतो?

दोन्ही जगांचा संगम बघायचा असेल तर विंडोजच्या पोटातलं लिनक्स बघा, डब्ल्यूएसएल. किल्ली सी ड्राइव्हवर ठेवलेली. लिनक्सला सी ड्राइव्हवरची प्रत्येक फाइल ७७७ दिसते. एसएसएच मोठ्या अक्षरांत ओरडतं की तुमची खाजगी किल्ली उघड्यावर पडली आहे, मी वापरणार नाही. तुम्ही सीएचमॉड ६०० चालवता. आज्ञा निमूट पार पडते, त्रुटी नाही, तक्रार नाही. फाइल ७७७ च राहते. किल्ली लिनक्सच्या स्वत:च्या होम फोल्डरात नेऊन ठेवेपर्यंत हा खेळ चालतो.

मॅकबद्दल फार बोलण्यासारखं नाही. तिथे रिमोट लॉगिन मुळात बंद असतं आणि ते चालू करण्याची जागा ॲपलने २०२२ मध्ये सिस्टिम प्रेफरन्सेसचं सिस्टिम सेटिंग्ज केलं तेव्हा हलली, त्यामुळे जुन्या सूचनांतली चित्रं आता निरुपयोगी. चालू केलं तरी कुणाकुणाला येऊ द्यायचं, याची यादी त्याच पानावर वेगळी. आणि लॉगिनच्या पडद्यावर मॅक तुमचं पूर्ण नाव प्रेमाने, फोटोसकट दाखवतं. एसएसएचला ते नाव चालत नाही, खात्याचं आखूड नाव लागतं. इतकंच.

रिमोट डेस्कटॉप हा मात्र खरा रंगमंच. परदेशी असलेला मुलगा नाशिकच्या वडिलांच्या लॅपटॉपवर शिरू बघतो, तिथून सुरुवात करू. लॅपटॉपवर विंडोजची होम आवृत्ती असेल तर प्रश्नच मिटला, ती पाहुणा घेतच नाही. प्रो असेल तर वडिलांना फोन.

‘बाबा, पासवर्ड काय?’

‘अरे, चार आकडी आहे. तुझ्या आईची जन्मतारीख.’

तो पिन असतो. पिन त्या लॅपटॉपपुरता. लांबून चालत नाही. लांबून लागतो तो खात्याचा पासवर्ड, जो लॅपटॉप घेतला त्या दिवशी दुकानातल्या मुलाने टाकला आणि त्यानंतर मनुष्यजातीने पाहिला नाही. खात्याला पासवर्डच नसेल तर आणखी छान. रिकाम्या पासवर्डचं खातं फक्त यंत्रासमोर बसूनच उघडतं, लांबून नाही, असा विंडोजचा मुळातला नियम आहे. आणि नियम शहाणपणाचा आहे, हे मुलालाही मान्य आहे. तो फक्त ‘युवर क्रेडेन्शियल्स डिड नॉट वर्क’ या वाक्याकडे बघत बसलेला असतो.

ऑफिसात याच्या पुढची पायरी. नव्या कर्मचाऱ्याचं खातं उघडताना ‘पहिल्या लॉगिनला पासवर्ड बदलावा’ ही चौकट ॲडमिन टिक करतो. सुरक्षेच्या पुस्तकात तसंच लिहिलंय. सर्व्हरवर नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन चालू, हेही पुस्तकात लिहिलंय. म्हणजे पडदा दिसण्याआधीच ओळख पटली पाहिजे. आता कर्मचारी घरून लॉगिन करतो. यंत्र या वेळी चक्क कारण सांगतं: आधी पासवर्ड बदला. कुठे बदलायचा? आतल्या पडद्यावर. आतला पडदा कधी दिसणार? पासवर्ड बदलल्यावर. दोन्ही नियम आपापल्या जागी बरोबर, दोन्हींवर ऑडिटरची बरोबरची खूण, आणि माणूस दोघांच्या मधे.

पण या प्रकारातला चक्रवर्ती म्हणजे मे २०१८. क्रेडएसएसपी या ओळख पटवणाऱ्या भागात गंभीर दोष सापडला होता. मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती दिली, आणि मेच्या अपडेटने ती सक्तीची केली: दुरुस्त झालेला क्लायंट यापुढे दुरुस्त न झालेल्या सर्व्हरशी बोलणार नाही. लॅपटॉपांनी अपडेट आपोआप घेतलं. सर्व्हरांनी घेतलं नव्हतं, कारण सर्व्हरवर अपडेट लावायला आपल्याकडे मेल, अप्रूव्हल आणि शनिवारची रात्र लागते. सकाळी जगभरच्या ॲडमिनांच्या पडद्यावर ‘एन्क्रिप्शन ओरॅकल रेमेडिएशन’ असे शब्द. सर्व्हरवर दुरुस्ती लावली की प्रश्न सुटणार होता. सर्व्हरवर शिरता येत नव्हतं, कारण दुरुस्ती लावलेली नव्हती. मग असंख्य लोकांनी काय केलं? आपल्या लॅपटॉपच्या रजिस्ट्रीत एक आकडा बदलला, ज्याचा सरळ अर्थ ‘मला असुरक्षितच राहू द्या’ असा होता, आणि कामाला लागले. त्यांतले काही आकडे अजून तसेच असतील.

विंडोजही खरं कारण लिहितं हं. सुरक्षेच्या लॉगमध्ये ४६२५ क्रमांकाची नोंद, आणि तिच्या पोटात एक कोड. शेवटी ६ए असेल तर पासवर्ड चुकला, ६४ असेल तर त्या नावाचा माणूसच नाही, २३४ म्हणजे खातं कुलूपबंद, १३३ म्हणजे घड्याळात फरक. बाहेर एक वाक्य, आत सगळी वंशावळ. हेल्पडेस्कवरच्या पोराला हा कोड बघायचे अधिकार बहुधा नसतात. म्हणून तो विचारतो, ‘सर, कॅप्स लॉक चेक केलंत का?’

त्याची चेष्टा नको. कीबोर्ड हा खरोखर मोठा गुन्हेगार आहे. लिनक्सचं टर्मिनल पासवर्ड टाकताना ठिपकेही दाखवत नाही; मागे मराठी इनस्क्रिप्ट चालू राहिलेलं असलं तर माणूस बंद डोळ्यांनी अख्खी बाराखडी टाकून येतो. ब्रिटिश कीबोर्डवर ॲटचं चिन्ह आणि दुहेरी अवतरण अमेरिकन कीबोर्डच्या उलट जागी असतात. लंडनला गेलेल्या कन्सल्टंटचा पुण्यात चालणारा पासवर्ड तिथल्या लॅपटॉपवर चालत नाही तेव्हा त्याला व्हीपीएनचा संशय येतो, फायरवॉलचा येतो, भारतातल्या टीमचा तर आधी येतो. ॲटचा येत नाही. तपासायचं कसं? युजरनेमच्या रकान्यात पासवर्ड टाइप करून बघायचा, तो दिसतो. एंटर न दाबता पुसायचाही, कारण युजरनेमच्या रकान्यातलं नोंदवहीत छापून येतं. नोंदवह्यांत कितीतरी पासवर्ड असेच पडलेले असतात.

घड्याळाचं वर आलंच आहे. विंडोजचं डोमेन ज्यावर चालतं ते केर्बेरॉस एमआयटीत, अथेना प्रकल्पात जन्मलं. नाव ग्रीकांच्या तीन डोक्यांच्या कुत्र्यावरून. तीन डोकी असून त्याला एका गोष्टीचा अतोनात त्रास होतो: दोन यंत्रांच्या घड्याळांत पाच मिनिटांहून जास्त फरक. आता कॉलेजच्या प्रयोगशाळेत जा. एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स. यंत्रातल्या चिमुकल्या घड्याळाची वेळ स्थानिक आहे असं विंडोज मानतं, ती ग्रीनिचची आहे असं लिनक्स मानतं. सकाळच्या बॅचने लिनक्स चालवलं, दुपारच्या बॅचने विंडोज, की घड्याळ साडेपाच तास मागे. पाच मिनिटांची सूट असलेल्या कुत्र्यापुढे साडेपाच तासांचा माणूस. पडद्यावर ‘पासवर्ड चुकीचा’ छापाचं काहीतरी दिसतं आणि सर ओरडतात, ‘पासवर्ड कुणी बदलला रे?’

काही नकार पिढीजात असतात. सप्टेंबर २०२१ मध्ये ओपनएसएसएचची ८.८ आवृत्ती आली आणि तिने शा-१ वापरून केलेल्या आरएसए सह्या मुळातूनच बंद केल्या. शा-१ मोडीत निघालेलंच होतं, तेव्हा निर्णय योग्य. पण आपल्याकडे कोपऱ्यात एक सर्व्हर असतोच, जो सेन्टओएस ६ वर चालतो, ज्याला हात लावायचा नाही अशी ताकीद असते आणि ज्याच्यावर पगाराचं सॉफ्टवेअर असतं. नवा लॅपटॉप आला, किल्ली तीच, सर्व्हर तोच, नकार नवा. लोक नवी आरएसए किल्ली बनवतात. तीही चालत नाही. आणखी लांब किल्ली बनवतात. दोष किल्लीत नसून सहीच्या पद्धतीत आहे, हे कळायला आज्ञेपुढे तीन व्ही लावून, बाहेर पडणाऱ्या शंभरेक ओळी वाचाव्या लागतात. वाचणं हा आयटीतला सर्वांत शेवटचा उपाय.

उलट, जास्त किल्ल्या असणाराही मरतो. एसएसएच एजंट खिशातली प्रत्येक किल्ली एकेक करून पुढे करतो. सर्व्हरची मर्यादा मुळात सहा प्रयत्नांची. बरोबर किल्ली सातवी असली की ‘टू मेनी ऑथेंटिकेशन फेल्युअर्स’. ज्याने एकही पासवर्ड टाइप केलेला नाही, त्याच्यावर भारंभार चुकल्याचा आरोप. त्यात फेल-टू-बॅन बसवलेलं असेल तर आयपी पत्ताच काही मिनिटांसाठी हद्दपार. ऑफिसातल्या सगळ्यांचा बाहेरचा पत्ता एकच असल्यामुळे एकाच्या किल्ल्यांपायी अख्खा मजला बाहेर. तेवढ्या वेळात चहा होतो, परत आल्यावर सगळं चालू. तिकिटावर लिहिलं जातं: इश्यू रिझॉल्व्ह्ड ऑटोमॅटिकली.

पासवर्ड दर ९० दिवसांनी बदलण्याच्या सक्तीवर काय बोलावं? अमेरिकेच्या एनआयएसटीसाठी २००३ मध्ये पासवर्डच्या शिफारशी लिहिणारे बिल बर यांनी २०१७ मध्ये त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. त्याच वर्षी एनआयएसटीने ठरावीक मुदतीने बदलायला लावू नका, असं सांगितलं. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही आपल्या शिफारशीतून ही अट काढली. आपल्या ऑडिटरच्या एक्सेलमध्ये तो रकाना अजून आहे. त्यामुळे दर तिमाहीला पासवर्ड बदलतो, जुना पासवर्ड मोबाइलच्या मेलमध्ये तसाच राहतो, मोबाइल तो रात्रभर निष्ठेने पाठवत राहतो, आणि सकाळी खातं कुलूपबंद. चोर बाहेरचा नसतो, उशाशी चार्जिंगला असतो.

लिनक्सवर निदान एक सरळ उपाय आहे, आणि तो कुणी करत नाही. कुणीतरी आत असेल तर त्याला सांगायचं की एसएसएचचा दुसरा सर्व्हर वेगळ्या पोर्टवर, २२२२ म्हणा, डीबग लावून हाताने चालव. मी बाहेरून ठोठावतो, तू पडदा वाच. नकाराचं कारण त्याच क्षणी आतल्याच्या डोळ्यांसमोर उमटतं. मूळचा सर्व्हर अबाधित, चालू सत्रं अबाधित. त्याऐवजी लोक काय करतात, तर आत असलेलं एकमेव सत्र वापरून सेटिंग बदलतात, सर्व्हिस रीस्टार्ट करतात, लॉगआउट करून ‘आता बघू’ म्हणतात. मग बघतात.

आणि नकारांच्या नोंदी कुणी वाचत नाही म्हणावं, तर एकाने वाचल्या. आंद्रेस फ्रॉइंड, पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारा, मायक्रोसॉफ्टमधला अभियंता. २०२४ च्या मार्चमध्ये तो डेबियनच्या अनस्टेबल आवृत्तीवर वेगाची मोजमापं करत होता आणि त्यासाठी यंत्र शांत हवं होतं. यंत्र शांत बसेना. बाहेरून कुणी कुणी चुकीच्या नावांनी लॉगिनचे प्रयत्न करत होतं, जे रोजचंच. ते लगेच नाकारले जात होते, तेही रोजचंच. पण त्या नुसत्या नाकारण्याला प्रोसेसर नको तितका राबत होता, आणि लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जादा लागत होता. त्याने मागे लागून माग काढला, तर एक्सझेड या दाबून साठवणाऱ्या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कुणीतरी चोरदार बसवलं होतं. लायब्ररीचा एसएसएचशी थेट संबंधही नाही. काही लिनक्सांत ती सिस्टिमडीच्या आडून आत पोचते. ते काम करणाऱ्याने दोनेक वर्षं खपून प्रकल्पाचा विश्वास मिळवला होता. फ्रॉइंडने हे २९ मार्चला जाहीर केलं.

२९ मार्च, आर्थिक वर्षाचा शेवटचा शुक्रवार. आपल्याकडच्या हेल्पडेस्कांवर तेव्हा लॉगिन होत नाही याच्याच तक्रारी चालू असणार. लॉगिन नाकारायला अर्धा सेकंद उशीर होतो, अशी तक्रार कुणी आणली असती तरी ती घेणार कशी? तिकिटाच्या फॉर्ममध्ये त्याची कॅटेगरीच नाही.